बॉश जीबीएच 2-26: काळ्या खडीच्या आरसीसीत कितपत चालतं?

विटांच्या भिंतीला 13 मिमी चकचं (बिट धरणाऱ्या तोंडाचं) इम्पॅक्ट ड्रिल पुरतं. स्लॅब-बीमला लावलं की नुसतं किंचाळतं आणि बिटाचं टोक जळतं, कारण त्यात दोन दातेरी चकत्या घासून ठोका देतात आणि तोही आपण लावू तेवढ्या जोराचा. जीबीएच 2-26 डीआरई हा रोटरी हॅमर. आत हवेच्या दाबावर पिस्टन ठोकतो: 800 वॅट, ठोक्याची ऊर्जा 2.7 ज्यूल, वजन पावणेतीन किलोच्या आसपास. यावर अंग टाकायचं नाही, मशीन हलू नये इतकाच दाब पुरे. जास्त दाबलं की ठोका मरतो आणि भोक उलट उशिरा पडतं.

कंपनी काँक्रीटमध्ये 26 मिमीपर्यंत सांगते. पडतं, पण मशीनची खरी गंमत 6 ते 16 मध्ये. त्यापुढची भोकं रोजची असतील तर एसडीएस-मॅक्सचं (जाड शँकच्या बिटाचं मोठं) मशीन भाड्याने आणा, आणि चार इंची पाइपासाठी पाण्यावरचं कोअर कटिंग. लोखंडालाही भोकं पाडायची असतील तर याचंच डीएफआर मॉडेल घ्या, त्याला साध्या बिटाचा चक बदलून लागतो.

मशीनइतकाच बिट महत्त्वाचा. मराठवाड्यातली खडी बेसाल्टची, म्हणजे काळा कठीण दगड. टोक खडीवर पडलं की घसरतं, म्हणून पहिले चार-पाच मिमी ट्रिगर अर्धाच दाबा. दोन धारांचा स्वस्त बिट इथे लवकर बोथट होतो आणि सळईला लागला की अडकून मशीन मनगट पिरगाळू बघतं. सेफ्टी क्लच सटकतो हे खरं, तरी बाजूची मूठ सोडू नका. चार धारांचा बिट सहसा अडकत नाही. मात्र सळई तोही कापत नाही. तापलेला बिट पाण्यात बुडवला तर टोकाच्या कार्बाइडला (कठीण धातूच्या तुकड्याला) तडा जातो.

सळई लागल्याची खूण म्हणजे भोक पुढे सरकत नाही, आवाज खणखणीत होतो, राखाडी भुकटीत चकचकीत कण दिसतात. तिथेच थांबा, 25-30 मिमी सरका, सोडलेलं भोक नॉन-श्रिंक (न आकसणाऱ्या) ग्राउटने भरा. बीमचं मुख्य लोखंड मधल्या भागात तळाशी असतं, म्हणून एसीचं स्टँड बीमच्या बगलेत, उंचीच्या मध्यावर ठोका. तिथे बहुतेक रिंगाच (मुख्य सळयांना वेढणाऱ्या बारीक सळया) भेटतात. किल्लारीच्या 1993 च्या भूकंपानंतर बांधलेल्या घरांत दारा-खिडक्यांवर आरसीसीचा पट्टा असू शकतो. पडद्याचा रॉड नेमका तिथेच येतो आणि दोष मात्र ड्रिलला मिळतो.

फास्टनर सुटतो तो बहुतेकदा भुकटीमुळे. भोक फास्टनरपेक्षा 10 मिमी खोल घ्या, फुंका, ब्रश फिरवा, पुन्हा फुंका. केमिकल अँकरला (रेझिनने चिकटवलेल्या बोल्टला) हे दोनदा करा, नाहीतर रेझिन काँक्रीटला न धरता धुळीला धरतं.

व्होल्टेज पडलं की ठोका मंदावतो. एक्स्टेन्शनला पंख्याची बारीक वायर नको. तांब्याची दीड स्क्वेअर एमएम, तीस मीटरच्या आत.

एक उणीव आहे: डोक्यावर भोक पाडताना सगळी भुकटी चकमध्ये उतरते. बिटावर रबरी टोपी चढवा, गॉगल-मास्क लावा, आणि बिट बदलताना शँक (चकमध्ये जाणारं टोक) पुसून चिमूटभर ग्रीस लावा.