आमच्या कोपऱ्यावरची लॅब, अन् केसांच्या गोळीनं घातलेला गोंधळ (थायरॉईडवाल्यांनी वाचाच)

परभणीत राहते, वय 38, थायरॉईड कमी आहे म्हणून दोन वर्षं झाली 50 मायक्रोग्रॅमची गोळी चालूय. हा रिव्ह्यू आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरल्या छोट्या लॅबचा आहे, पण त्याच्या आधीचं सांगितल्याशिवाय मी पाच स्टार काहून देतेय ते कळणार नाही.

मागच्या वर्षी केस लई गळायलेत म्हणून मेडिकलमधून केसांची गोळी आणली, बायोटिन 10 मिलिग्रॅमवाली, डॉक्टरला विचारलं नाही कारण व्हिटॅमिनच तर आहे असं वाटलं. त्याच महिन्यात एका मोठ्या कंपनीचं घरी येऊन रक्त नेणारं पॅकेज घेतलं, सत्तर का ऐंशी टेस्ट होत्या त्यात. पोरगा आला, रक्त घेतलं, दोन मिनिटांत गेला, कोणती गोळी खाता असं एका शब्दानं विचारलं नाही. रिपोर्टमध्ये टीएसएच 0.2, म्हणजे नॉर्मलपेक्षा कमी, अन् टी फोर, म्हणजे थायरॉईडचं हार्मोन, वाढलेलं. म्हणजे गोळी जास्त होतेय असा अर्थ निघाला अन् डोस 25 वर आला.

आणि मी तर दिवसेंदिवस खाली चालले होते. मे महिन्यात परभणीचं ऊन तुम्हाला माहितीये, सगळं घर कूलरपुढं बसलेलं अन् मी म्हणायचे कूलर बंद करा, गोधडी द्या. पोट साफ होईना, सकाळी डोळे सुजलेले, आवाज घोगरा, पाळी दहा दहा दिवस, जिना चढला की पाय भरून यायचे. सासूबाई म्हणाल्या आळस आलाय तुला. रिपोर्टच सांगत होता की थायरॉईड जास्त आहे, मग मी कुणाला काय सांगणार, रडायलाच यायचं.

शेवटी जाऊबाईंनी या लॅबमध्ये नेलं. काउंटरवरच्या दादांनी सुई काढायच्या आधी विचारलं, ताई थायरॉईडची गोळी आज घेतली का, लोह-कॅल्शियम चालूय का, केसांची नखांची काही गोळी? मी हो म्हणलं तर त्यांनी रक्तच घेतलं नाही! केसांची गोळी आठ दिवस बंद करा मग या म्हणाले. धंदा परत पाठवणारी लॅब मी पहिल्यांदा बघितली.

आठ दिवसांनी गेले तर टीएसएच 14.6. तिथल्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी दहा मिनिटं बसवून समजावलं. पुष्कळ मशीनच्या किटमध्ये बायोटिनच चिकटवायला वापरलेलं असतं, मग रक्तात वरून एवढं बायोटिन आलं की मोजणी चुकते, टीएसएच खोटं कमी अन् टी फोर खोटं जास्त दिसतं. सगळ्या मशीनवर होत नाही पण आपल्याला कुठं माहिती असतं कोणती मशीन आहे, म्हणून निदान दोन दिवस बंद ठेवायचं, डोस मोठा असला तर जास्त. अन् टीएसएच थायरॉईडमधून येतच नाही, ते डोक्यातल्या पिट्युटरीतून येतं, थायरॉईड कमी पडलं की ती जास्त सोडते, म्हणून आकडा वाढला की थायरॉईड कमी, हे उलटं गणित मला दोन वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

मग त्यांनी डॉक्टरांना विचारून अँटी टीपीओ, म्हणजे थायरॉईडविरुद्धच्या अँटिबॉडीची टेस्ट, करा म्हणलं. 34 पर्यंत नॉर्मल, माझं 600 च्या वर. म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती आपल्या थायरॉईडवर उठलेली, हाशिमोटो म्हणतात, 1912 मध्ये हाशिमोटो नावाच्या जपानी डॉक्टरनं पहिल्यांदा लिहून ठेवलेला आजार. बायकांत जास्त. ही टेस्ट सारखी सारखी करायची गरज नाही, पुढं टीएसएच बघत राहायचं, असं त्यांनी स्वतःहून सांगितलं, नाहीतर दर वेळी पैसे घेता आले असते की.

डॉक्टरांनी दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून बघितले अन् डोस 75 केला. उपाशीपोटी पाण्यासोबत, चहा अर्ध्या-एक तासानं, कॅल्शियम अन् लोहाची गोळी चार तास लांब. मी आधी चहासोबतच घ्यायचे! दोन महिन्यांनी टीएसएच 3.2, अन् यंदा कूलरपुढं मीच पहिली बसलेली असते.

कमी काय आहे तेही लिहिते. बसायला चारच खुर्च्या, सकाळी आठनंतर गेलात तर उभं राहावं लागतं. अँटी टीपीओ बाहेर पाठवतात म्हणून दोन दिवस लागले. घरी येऊन रक्त घेत नाहीत, म्हाताऱ्या माणसांना ते अवघड जातं. रविवारी बंद. टीएसएचचे 250 घेतले, अँटी टीपीओचे 900, पावती लगेच देतात अन् रिपोर्ट व्हॉट्सॲपवर येतो. जाताना जुने रिपोर्ट अन् चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाकून न्या, दादा एक एक पाकीट बघतात.