सॅन फ्रान्सिस्कोहून बोटीने हवाई: लांबची क्रूझ कशी असते आणि बॅगेत काय न्यायचं

आधी निकाल सांगून टाकते. आम्हाला आवडली, पण सगळ्यांना आवडेल असं अजिबात नाहीये. ज्यांना हवाई बघायचंय त्यांनी सरळ विमानाने जावं, सॅन फ्रान्सिस्कोहून साडेपाच-सहा तासांत होनोलुलू येतं, एखाद्या बेटावर आठवडाभर राहा, गाडी भाड्याने घ्या आणि मनसोक्त भटका. बोटीने जायचं असेल तर जाताना चार-पाच दिवस आणि येताना चार-पाच दिवस नुसतं पाणी असतं, जमीन नाही, दुसरी बोट नाही, कधीकधी पक्षीसुद्धा नाही. ही ट्रिप १५-१६ दिवसांची असते आणि त्यातले निम्म्याहून जास्त दिवस समुद्रातच जातात, म्हणजे बेटं हा बोनस आहे आणि खरी ट्रिप बोटीवरचीच. हे ज्यांना पटतंय त्यांनी पुढे वाचा.

कंपनीचं नाव लिहीत नाही कारण ह्या रूटवर दोन-तीन कंपन्यांच्या बोटी साधारण ऑक्टोबर ते एप्रिल जातात आणि मी लिहितेय त्यातलं बहुतेक सगळं सगळीकडे सारखंच आहे. आम्ही बे एरियातून, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासचे, आणि सोबत पुण्याहून आलेले आई-बाबा, त्यामुळे हा रिव्ह्यू थोडा आपल्या लोकांच्या सोयीचा आहे, कॅसिनो कसा होता वगैरे विचारू नका.

सगळ्यात आधी व्हिसा. हवाई अमेरिकेतच आहे मग व्हिसाचा काय प्रश्न असं वाटतं, पण ह्या बोटी परतताना मेक्सिकोत एन्सेनाडाला थांबतात, कारण १८८६ चा एक अमेरिकन कायदा आहे, परदेशी झेंड्याची बोट अमेरिकन बंदरातून प्रवासी घेऊन अमेरिकेतच सोडणार असेल तर मध्ये एक परदेशी बंदर लागतंच. म्हणून तो थांबा. कधीकधी तर काही तासच असतो, लोक खाली उतरून टाको खातात आणि परत येतात. पण कागदोपत्री तुम्ही अमेरिकेच्या बाहेर जाऊन परत आत येता, त्यामुळे आई-बाबांचा व्हिसा मल्टिपल एंट्री आहे ना, पासपोर्टची मुदत पुरेशी आहे ना हे बुकिंगच्या आधी बघा. एच-वन (नोकरीचा व्हिसा) वाल्यांचा पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपलेला असेल तर मेक्सिकोहून ३० दिवसांच्या आत परत येणाऱ्यांना सवलत आहे पण तिला अटी आहेत, वकिलाला विचारूनच ठरवा. आणि ज्यांना ही भानगडच नकोय त्यांच्यासाठी प्राइड ऑफ अमेरिका नावाची बोट आहे, ती अमेरिकन झेंड्याची असल्यामुळे होनोलुलूहून निघून आठवडाभर बेटाबेटांतच फिरते, परदेशी बंदर नाही. पण मग ते लांबचं समुद्रातलं राहणं नाही.

आता बॅग. पिअर २७ ला, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोत बोट सुटते त्या धक्क्यावर, गाडीने गेलो की विमानासारखं २३ किलोचं बंधन नाही आणि तिथेच आपले लोक फसतात, चार चार सुटकेसेस. केबिन पुण्यातल्या वन बीएचकेच्या बेडरूमएवढी असते, रिकाम्या बॅगा पलंगाखाली सरकवता येतात पण कपडे ठेवायला कपाट एकच आणि हँगरवरून भांडणं. आमचं मत असं की आठवड्याचे कपडे घ्या आणि मध्ये धुवा. कित्येक बोटींवर स्वतः कपडे धुवायच्या मशीनची खोली असते (बुक करताना विचारा, सगळ्यांवर नसते), साबणाच्या छोट्या कॅप्सूल घरूनच न्या कारण तिथे महाग मिळतात. समुद्रातल्या दिवशी सकाळी नाश्त्यानंतर तिथे तोबा गर्दी, बेटावर बोट लागलेली असेल त्या दिवशी कुत्रं नसतं. बाथरूममध्ये ओढून लावायची एक बारीक दोरी असते, त्यावर बनियन-मोजे वाळतात. बाल्कनीत काही वाळत घालायचं नाही, उडून जातं आणि तसंही परवानगी नसते.

कपडे दोन हवामानांचे लागतात हे कोणी धड सांगत नाही. गोल्डन गेटच्या खालून बोट जाते तो क्षण वरच्या डेकवरून बघायचाच असतो आणि तिथे वारा असा असतो की स्वेटरवर जॅकेट आणि कानटोपी. पुढचे एक-दोन दिवस पण थंड आणि समुद्र खवळलेला, मग हळूहळू हवा बदलते आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी लोक एकदम चड्डीवर. येताना हेच उलट. आणि हवाईत पोचल्यावर जॅकेट तळाशी टाकू नका, कारण हिलोला उतरून ज्वालामुखीचं नॅशनल पार्क बघायला जाल तर ते हिलोपासून ५० किलोमीटरवर पण बाराशे मीटर उंचीवर आहे, वर गारठा आणि भुरभुर पाऊस. हिलो स्वतःच अमेरिकेतल्या सगळ्यात जास्त पावसाच्या शहरांपैकी एक, घडीची छत्री किंवा रेनकोट पाहिजेच. तिथला किलाउआ ज्वालामुखी डिसेंबर २०२४ पासून थांबून थांबून उसळायला लागला, पण तुम्ही जाल त्या दिवशी उसळेलच असं नाही, मध्ये शांत दिवस असतात, त्यामुळे लाव्हा दिसला तर नशीब समजा आणि नाही दिसला तर वाफा बघून या.

सनस्क्रीन घरून नेताना बाटलीवर बघा, ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेली सनस्क्रीन विकायला हवाईत २०२१ पासून बंदी आहे, प्रवाळांना त्रास होतो म्हणून. झिंक ऑक्साइडवाली घ्या, चेहरा गणपतीच्या मूर्तीसारखा पांढरा होतो पण चालतं.

फॉर्मल नाइटचं, म्हणजे नटूनथटून जेवायला जायच्या रात्रीचं, लोकांना उगीच टेन्शन असतं. लांबच्या ट्रिपला अशा दोन-तीन रात्री असतात, आपल्या बायकांना हे सगळ्यात सोपं आहे, दोन हलक्या सिल्कच्या साड्या घ्या, इस्त्री लागणार नाही अशा. इस्त्री बॅगेत न्यायची नाही, बोटीवर चढताना स्कॅनमध्ये काढून घेतात आणि शेवटच्या दिवशी परत देतात. बाबांनी नेहरू जॅकेट घातलं होतं आणि सूटवाल्यांपेक्षा त्यांच्याकडेच लोक बघत होते. ज्यांना हे नकोच वाटतं त्यांच्यासाठी वरचा बुफे चालू असतो, तिथे पॅन्ट-टीशर्टवर जा.

इस्त्रीसारखीच किटली नेता येत नाही, सर्ज प्रोटेक्टरवाली एक्स्टेन्शन वायर पण नाही, आणि मेणबत्ती, निरांजन, उदबत्ती तर अजिबातच नाही. बोटीवर आगीची भीती सगळ्यात मोठी, त्यामुळे ह्यात घासाघीस होत नाही. आईचं म्हणणं होतं की मग देवापुढे काय लावायचं, शेवटी बॅटरीचा दिवा नेला. घरचा चिवडा-लाडू बहुतेक कंपन्यांना चालत नाही पण दुकानातली पॅकबंद पाकिटं चालतात. चहाचं मात्र नीट ठरवा. बुफेतल्या मशीनचं गरम पाणी उकळतं नसतं, टी बॅग बुडवून जे काही होतं त्याला चहा म्हणायची माझी तयारी नाही, त्यामुळे चहाची प्रीमिक्स पाकिटं भरपूर न्या. केबिनच्या भिंती लोखंडी असतात, चुंबकाचे हुक नेले तर टोप्या, पर्स, ओले स्विमिंगचे कपडे सगळं भिंतीवर जातं, ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी वस्तू.

पोर्टवर मोठ्या बॅगा हमालांकडे दिल्या की त्या केबिनला संध्याकाळपर्यंत कधीही येतात. तोपर्यंत हातातल्या बॅगेत औषधं, पासपोर्ट, चष्मा, एक स्वेटर आणि पोरांचे स्विमिंगचे कपडे एवढं असलंच पाहिजे. औषधं पूर्ण ट्रिपची आणि वर आठवड्याची जास्तीची, मूळ पाकिटात आणि प्रिस्क्रिप्शनसकट. हे ज्येष्ठांसाठी परत सांगते कारण भर समुद्रात बोट दोन्ही किनाऱ्यांपासून हेलिकॉप्टरच्या पल्ल्याबाहेर असते, काही झालं तर बोटीवरचा दवाखाना हाच दवाखाना, आणि तो महाग. भारतातून आलेल्यांचा जो व्हिजिटर इन्शुरन्स असतो तो समुद्रात आणि मेक्सिकोत लागू आहे का हे लेखी विचारून घ्या.

बोट लागण्याबद्दल. हिवाळ्यात पॅसिफिक पहिल्या रात्री बऱ्यापैकी हलवतो, केबिन बुक करताना खालच्या डेकवर आणि मधोमध घ्या, सगळ्यात वरची पुढची महागडी केबिन सगळ्यात जास्त हलते. ज्याला घाटात गाडी लागते त्याला बोट लागेलच असं समजून चाला. गोळी पोटात ढवळायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही, आधी घ्यायची असते, अमेरिकेत मेक्लिझीन दुकानात मिळतं, भारतातले लोक ॲव्होमिन आणतात, त्याने भयंकर झोप येते. बाकीच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारा. हिरवं सफरचंद आणि खारी बिस्किटं मागितली की लगेच देतात, आल्याची कँडी सोबत ठेवा, आणि आडवं पडून मोबाइल बघू नका, उघड्या डेकवर येऊन क्षितिजाकडे बघा.

खाणं. बुफे सुरुवातीला स्वर्ग वाटतो, आठवड्याने त्याच त्या वासाने भूक जाते. शाकाहारी लोकांसाठी खरा उपाय म्हणजे रोज रात्री डायनिंग रूममध्ये ठरलेल्या टेबलावर बसायचं आणि हेड वेटरला आदल्या रात्री सांगून ठेवायचं, दुसऱ्या दिवशी वरण, भाजी, पोळीसारखं काहीतरी, भात असं येतं. जैन पण सांगितलं तर करतात. बोटीवर गोव्याचे आणि मुंबईचे लोक भरपूर काम करतात, छातीवरच्या बिल्ल्यावर देशाचं नाव असतं. आमच्या टेबलचा वेटर मडगावकडचा निघाला आणि आईने त्याच्याशी कोकणीत बोलायला सुरुवात केली, मालवणची आहे ती, मग काय, लोणचं मागायच्या आधी टेबलावर. ह्या लोकांचे कॉन्ट्रॅक्ट महिनोन्महिने असतात आणि सुट्टीचा अख्खा दिवस जवळजवळ नसतोच, तेव्हा टिपमध्ये काटकसर करू नका. टिप तशी बिलात आपोआप लागते, माणशी दिवसाला साधारण १६ ते २० डॉलर, दोघांचे दोन आठवड्यांचे जवळजवळ ५०० डॉलर होतात. तिकिटाच्या जाहिरातीत हे दिसत नाही म्हणून हिशोबात आधीच धरा. इंटरनेट वेगळं, दिवसाला १५-२५ डॉलर, आणि फोन पहिल्या दिवसापासून एअरप्लेन मोडवर, नाहीतर बोटीच्या मोबाइल टॉवरचं रोमिंगचं बिल बघून बोट लागेल.

नेटबद्दल माझी तक्रार आहेच, संध्याकाळी सगळे एकदम चढतात आणि व्हिडिओ कॉल तुटतो. दुसरी तक्रार म्हणजे बोटीकडून घ्यायच्या सहली. होनोलुलूची पर्ल हार्बरची सहल जितक्याला विकतात त्याच्या काही अंशात स्वतः जाता येतं, तिथल्या ॲरिझोना मेमोरियलचं (बुडालेल्या युद्धनौकेचं स्मारक) तिकीट सरकारी साइटवर एक डॉलर फीमध्ये आठ आठवडे आधी खुलं होतं, काही आदल्या दिवशी पण सुटतात. फक्त पर्स, सॅक काही आत नेता येत नाही, पैसे भरून बाहेर ठेवावी लागते, म्हणून त्या दिवशी खिशाचे कपडे घाला. कवाई बेटावर नाविलिविली बंदराहून वायमिया कॅन्यनच्या दरीला मात्र गाडी किंवा सहल लागतेच. माउई बेटावर लहायनाला २०२३ च्या ऑगस्टमध्ये आग लागून गाव जळालं त्यानंतर बोटी काहुलुईला लागतात, बंदर अगदीच मालवाहू आहे पण हिवाळ्यात त्या बाजूच्या समुद्रात हंपबॅक देवमासे येतात, दुर्बीण नेली असेल तर बोटीवरूनच दिसतात. दुर्बीण न्याच. आणि बोटीवरचं केळं-सफरचंद खिशात घालून खाली उतरायचं नाही, हवाईत शेतीची तपासणी कडक असते.

समुद्रातल्या दिवसांत करायचं काय हा प्रश्न सगळे विचारतात. उकुलेले शिकवतात, हुला शिकवतात, पत्ते, व्याख्यानं, वाचनालय. बाबा रोज डेकला फेऱ्या मारायचे आणि उरलेला वेळ ब्रिज, इतके रमले की होनोलुलूला उतरायला कुरकुर. पोरांना मात्र तिसऱ्या दिवशी कंटाळा आला, शाळेच्या दिवसांत बोटीवर बहुतेक रिटायर्ड लोक असतात, त्यांच्या वयाचं कोणी सापडत नाही. शाळकरी मुलं असतील तर ही ट्रिप घेऊच नका, हे स्पष्टच सांगते. जाताना घड्याळ काही रात्री तासाने मागे जातं, झोप जास्त मिळते, खूश असतो आपण. येताना तेच तास परत जातात आणि सगळी बोट नाश्त्याला जांभया देत असते. फोनचं घड्याळ बंदराजवळ आपोआप बदलतं आणि बोटीचं वेगळं असू शकतं, परत चढायची वेळ बोटीच्या घड्याळाची असते, त्यामुळे हातात एक साधं घड्याळ ठेवा.

शेवटच्या रात्री बॅगा केबिनबाहेर ठेवायला सांगतात, त्या परस्पर खाली जातात. दुसऱ्या दिवशीचे कपडे, चपला आणि औषधं बाहेर काढून मगच चेन लावा. आमच्या शेजारच्या केबिनचे काका सकाळी बोटीच्या पांढऱ्या बाथरोबमध्ये फिरत होते. बॅगा स्वतः ओढायची ताकद असेल तर स्वतः घेऊन आधी उतरता येतं, रांग कमी लागते. परतीचं विमान त्याच दिवशी असेल तर दुपारनंतरचंच घ्या, इमिग्रेशनला सगळी बोट एकदम उतरते.