ओढ्याकाठच्या खाचरात तरवा कोवळा की जून?
शिराळा-पाटणकडे भात लावणीच्या तोंडावर हाच घोळ: १२-१५ दिवसांचा कोवळा तरवा (लावणीची भातरोपं) लावावा की २५ दिवसांचा जून?

बियाण्यात कोवळा स्वस्त. चुडात (एका जागी लावायच्या जुडीत) एकच रोप, एकरी २-३ किलोत भागतं. जून तरव्याला १५ किलो तरी हवं. फुटवेही कोवळ्यालाच जास्त.

पाणी चढलं की चित्र उलटतं. कोवळं रोप जेमतेम वीतभर, लगेच बुडतं. शेंडा वर काढायच्या धडपडीत साठवलेली साखर संपवतं आणि पाणी ओसरताच लोळतं. (स्वर्णा-सब१ हे वाण बुडाल्यावर वाढच थांबवतं, म्हणून दोनेक आठवडे तगतं.) गढूळ पाण्यात पानांवर गाळ बसतो, उजेड तुटतो. जून रोपाचा बुंधा जाड, साठा जास्त, शेंडा बहुधा पाण्याबाहेर.

पाणी उतरल्यावर युरियाची घाई दोन्हीकडे नको. आधी नवं पान दिसू द्या. नांग्या (रोपं मेलेल्या रिकाम्या जागा) भरायला थोडा तरवा राखून ठेवा, कोवळा लावला असेल तर जरा जास्तच.

निचऱ्याच्या, उताराच्या खाचरात कोवळा लावा. पाणी तुंबणाऱ्या खोलगटात २५ दिवसांचाच, चुडात २-३ रोपं.