ऑटोप्सी: वकिलाच्या लॅपटॉपवर, दिवाळीपासून आजपर्यंत

ऑटोप्सी हे डिस्कमधला डेटा तपासायचं सॉफ्टवेअर तपास करणाऱ्यांसाठी आहे. मी नागपुरात दिवाणी दावे आणि चेक बाउन्सच्या केसेस चालवतो. तरी दिवाळीत डाउनलोड केलं, कारण भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 63. 1 जुलै 2024 पासून इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबतच्या प्रमाणपत्राचा भाग 'ब' तज्ज्ञाने भरायचा आणि त्यात हॅश लिहायचा. अशील विचारतो, "वकीलसाहेब, हे हॅश काय असते जी?" उत्तर तर द्यावं लागतं: डेटावरून गणिताने काढलेला त्याचा ठसा; डेटा जरा बदलला की ठसाही बदलतो.

फुकट आहे, ओपन सोर्स आहे. विंडोजवर सहज बसतं.

पहिला फायदा हॅशचाच. तज्ज्ञ डिस्कची ई-झिरो-वन (E01) इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची एका फाइलमधली हुबेहूब प्रत, देतात. त्या फाइलचा हॅश आणि आतल्या डेटाचा हॅश वेगवेगळे येतात, कारण फाइलमध्ये केस क्रमांक, तपासणाऱ्याचं नाव वगैरेही असतं आणि डेटा दाबून बसवलेला असतो. समोरचे वकील "हॅश जुळत नाही" म्हणून उभे राहिले, की आधी विचारायचं, कशाचा? ऑटोप्सी आतल्या डेटाचा हॅश पुन्हा काढून इमेजमध्ये नोंदवलेल्या हॅशशी ताडून दाखवतं.

शोध मात्र मराठीवाल्यांनी जपून वापरावा. 'करार' टाकलं, काहीच सापडलं नाही, म्हणून कागद नाही असं समजू नका. आपल्याकडचे टायपिस्ट वर्षानुवर्षं कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप करत आले. त्या फाइलमध्ये देवनागरी नसतेच. 'करार' तिथे डी-जे-के-जे या इंग्रजी अक्षरांनी साठवलेला असतो. तशीच अक्षरं टाकली की कागद वर येतात. तज्ज्ञाला शब्दांची यादी देताना ती दोन्ही प्रकारे द्या. अहवालात "शोध निरंक" असेल तर कोणत्या फॉन्टने शोधलं, हा उलटतपासणीतला पहिला प्रश्न.

दुसरा प्रश्न वेळेचा. अहवालात 14 तारखेचे रात्री 8.10 असतील आणि ते युटीसी (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेली जागतिक प्रमाणवेळ) असेल, तर आपल्याकडे 15 तारखेची रात्र 1.40 झालेली असते. करारावर 14 तारीख असली की दावाच फिरतो. त्यात एनटीएफएस (फाइल साठवायची विंडोजची पद्धत) डिस्कवर वेळ युटीसीत नोंदते, तर फॅट 32 या जुन्या पद्धतीच्या पेनड्राइव्हवर त्या कॉम्प्युटरच्या घड्याळाप्रमाणे. ऑटोप्सी टाइमझोन सुरुवातीलाच विचारतं. तज्ज्ञाने काय निवडलं होतं ते लिहून मागा.

तक्रारी आहेत. इंडेक्सिंग, म्हणजे शोधासाठी सगळ्या शब्दांची सूची करणं, रॅम खातं. मे महिन्यात, 45 अंशांत, लॅपटॉप कूलरसमोर ठेवून रात्रभर चालवावा लागला; बायको म्हणाली, कूलर नेमका कोणासाठी घेतला? एसएसडीवरून उडवलेल्या फाइल्स बहुधा परत येत नाहीत, पण तो ट्रिमचा, म्हणजे उडवलेल्या फाइल्सची जागा एसएसडीने स्वतःच साफ करण्याचा, परिणाम, सॉफ्टवेअरचा दोष नव्हे. मोबाइलच्या बाबतीत फारच तोकडं. ज्यांच्या केसेस व्हॉट्सअ‍ॅपभोवतीच फिरतात त्यांनी यात वेळ घालवू नये. आणि अशिलाची मूळ हार्डडिस्क थेट लॅपटॉपला जोडून बघायची हौस करू नका. विंडोज नुसती डिस्क जोडली तरी तिच्यावर लिहितं. तज्ज्ञाकडून इमेजची प्रत घ्या, तीच उघडा.