फ्रँचायझी घेताय? ॲग्रीमेंटची शेवटची पानं आधी वाचा

चहाच्या फ्रँचायझीचे (ब्रँड कंपनीचा, दुकान आपलं) मी मोजले ९ लाख ६ हजार रुपये. फ्रँचायझी फी ४,५०,०००, त्यावर जीएसटी ८१,०००, मशिनरी २,७५,००० आणि 'रिफंडेबल' डिपॉझिट १,००,०००. घोडबंदर रोडवरच्या गाळ्याचं भाडं, फर्निचर यात धरलेलंच नाही. चहाच्या फ्रँचायझीचा हा खेळ कसा चालतो ते तुम्हाला माहीत आहे, ते उगाळत नाही. पण माझ्याकडे कंपनीचं व्हॉट्सॲपवर लेखी होतं: वर्षभरात धंदा जमला नाही तर मशिनरी परत घेऊ, डिपॉझिट देऊन टाकू. तोंडी शब्दावर पैसे टाकणारा माणूस मी नाही.

सही वाशीच्या ऑफिसात झाली. ४२ पानांचं इंग्रजी ॲग्रीमेंट, आणि त्यांचा गोडबोल्या पोरगा पान उलटून फक्त सहीची जागा दाखवतोय. "इथे सर, इथे सर." शेवटून तिसऱ्या पानावर माझा हात थांबला. आधीचं तोंडी-लेखी सगळं बोलणं रद्द, या कागदात आहे तेवढंच धरायचं. त्याच्याच खाली, वाद झाला तर आर्बिट्रेशन (कोर्टाऐवजी लवादासमोर निवाडा) गुरुग्रामला, आणि आर्बिट्रेटर, म्हणजे लवाद, कंपनी नेमणार. मी बोट ठेवून विचारलं, "मग व्हॉट्सॲपवर दिलंय त्याचं काय?" तो हसला. "सर, स्टँडर्ड फॉरमॅट आहे, सगळ्यांना हाच." तो हसला तेव्हाच उठायचं होतं! पण फीपैकी १,००,००० टोकन आधीच भरलेलं, सही नाही केली तर ते जप्त, आणि गाळ्याचं भाडं सुरू झालेलं. तुमच्यातला कोण उठला असता, सांगा.

दुकान बंद केल्यावर डिपॉझिट मागितलं, तर उलट मलाच नोटीस. लॉक-इन (दुकान बंद करायचं नाही असा ठरलेला काळ) मोडला म्हणून ६,००,००० भरा. (असा दंडाचा आकडा कागदावर असला म्हणून कोर्ट तो जसाच्या तसा देत नाही, करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे वाजवी भरपाईच मिळते. नोटीस बघून घाबरून पैसे भरू नका.)

पोलीस स्टेशनात पहिलं वाक्य, "सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जा." अहो, पैसे घेतानाच परत द्यायची नियत नसेल तर त्याला फसवणूक नाही तर काय म्हणायचं? अर्जाची पोचसुद्धा देईनात. पोच घेतल्याशिवाय हलू नका, पुढे मॅजिस्ट्रेटकडे जाताना तोच कागद लागतो. ग्राहक आयोगाच्या खिडकीवरचा माणूस म्हणे, धंद्यासाठी घेतलंत ना, मग तुम्ही ग्राहकच नाही. पोट भरायला स्वतः राबून दुकान चालवणाऱ्याला २०१९ च्या कायद्यात सूट आहे, हेही आता मीच त्याला शिकवायचं? पगार कोणाला मिळतो? वर "एक पोरगा कामाला होता ना?" असा टोमणा. पोरगा ठेवला म्हणून मी कारखानदार झालो!

शेवटी वकिलाने सांगितलं की ज्याचा वादात स्वार्थ आहे त्याने एकट्याने लवाद नेमायचा नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्येच पर्किन्स ईस्टमन प्रकरणात म्हटलंय. छान. पण नवा लवाद नेमून घ्यायचा अर्ज चंदीगडच्या हायकोर्टात, कारण आर्बिट्रेशनची जागा गुरुग्राम लिहिलीय, आणि हरियाणाचं हायकोर्ट चंदीगडला! म्हणून जागा ठाणे किंवा मुंबई करून घ्या, तीही सहीआधी. व्हॉट्सॲपवरचं प्रत्येक आश्वासन ॲग्रीमेंटमध्ये घालायला लावा. आणि वाद पेटल्यावर त्यांनी नेमलेल्या माणसाबद्दल 'आमची हरकत नाही' असं लिहून मागतील, ते अजिबात देऊ नका. मलाही तोच कागद आलाय, "फक्त फॉर्मॅलिटी" म्हणून. पाठवणारा तोच गोडबोल्या.