दारापुढे कडुनिंब की करंज?

आमच्याकडच्या तालुक्याच्या गावांत आता गल्लोगल्ली सिमेंटचे रस्ते झालेत. मे महिन्यात पारा ४५ वर गेला की हे रस्ते रात्री उशिरापर्यंत धग सोडत राहतात. म्हणून दारापुढे झाड हवंच. गुलमोहर मी धरतच नाही. ऊन तापायला लागतं तेव्हाच तो उघडाबोडका असतो, आणि वावधन आलं की त्याच्या फांद्या तारांवर पडून लाइन जाते. उरतात कडुनिंब आणि करंज.

कडुनिंबाचं मूळ खोल जातं. निंबोळ्या पडायला लागल्या की अंगण चिकट होतं, माश्याही येतात. पण कपाशीवाल्या घरात त्या वाया जात नाहीत. वाळवून पाच किलो कुटली, रात्रभर भिजवून गाळली की शंभर लिटर पाण्याची फवारणी निघते.

माझ्यापुरता निकाल लावला तो मोकाट बकऱ्यांनी. बाभळीच्या काट्या कितीही दाट रोवा, एखादी मागच्या पायांवर उभी राहते आणि वरून कडुनिंबाचा कोवळा शेंडा खुडून नेते. मग खालून तीन-चार फुटवे निघतात, सरळ खोड धरतच नाही, आणि ऐन वाढीचं वर्ष हातचं जातं. करंजाला मात्र त्या हुंगतात आणि पुढे जातात. चारा आटला की कुठे खातही असतील, पण आमच्या गल्लीत तरी अजून तोंड लावलेलं पाहिलं नाही.

करंजाच्या पानांवर किडीच्या गाठी येतात, दिसायला वाईटच, पण झाडाला त्याचं फारसं काही होत नाही. फुलं लाह्यांसारखी सांडतात, तेव्हा रोज झाडू मारावा लागतो. पानगळ होते, तरी कूलर काढायच्या दिवसांत नवी पालवी आलेली असते, आणि त्याची सावली मला कडुनिंबापेक्षा दाट वाटते.

कुंपण पक्कं आणि जागा ऐसपैस असेल तर कडुनिंब खुशाल लावा. रस्त्याच्या कडेला, उघड्यावर लावायचं असेल तर मी करंजच म्हणेन. मुळं आडवी पसरतात, त्यामुळे भिंत आणि संडासची टाकी सोडून दहा-बारा फुटांवर खड्डा घ्या. जागा आताच नीट ठरवा. नगरपंचायतीच्या हद्दीत १९७५ च्या कायद्याने पुढे झाड तोडायला परवानगी लागते. जुलैत चांगला पाऊस झाल्यावर लावा, आणि निदान पुढचे दोन उन्हाळे पाणी चुकवू नका.