न दिसणारी कूलंट गळती आणि हिंगणा मार्गावरचे फलक नसलेले गॅरेज

नागपूरच्या हिंगणा मार्गावर, एमआयडीसीच्या थोडे अलीकडे, टिनाच्या शेडमध्ये चालणाऱ्या या गॅरेजवर कोणताही फलक नाही. माझ्या गाडीच्या इंजिनातील कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) गळती इतर दोन गॅरेजांत सापडली नाही आणि येथे सापडली, म्हणून हा अनुभव तपशिलाने लिहीत आहे. गाडी 2013 ची, 1.8 लिटर टर्बो पेट्रोल इंजिनाची आहे. कूलंट फिरवणारा वॉटर पंप आणि त्याचे तापमान सांभाळणारा थर्मोस्टॅट या इंजिनात एकाच प्लास्टिकच्या घरात (हाउसिंगमध्ये) बसवलेले असून ते घर इनटेक मॅनिफोल्डच्या, म्हणजे सिलिंडरांना हवा पोहोचवणाऱ्या नळ्यांच्या संचाच्या, खाली इतके आत दडलेले आहे की बोनेट उघडून वरून पाहणाऱ्याला त्याचा कोपरासुद्धा दिसत नाही.

तक्रार साधी होती. दर आठ-दहा दिवसांनी टाकीतील कूलंट बोटभर खाली जायचे, मात्र गाडीखाली एक थेंबही पडलेला नसायचा. पहिल्या गॅरेजने टाकीचे झाकण आणि एक होज (रबरी नळी) बदलून 2,600 रुपये घेतले. पातळी खाली जातच राहिली. दुसऱ्या ठिकाणी गाडी जेमतेम पाच मिनिटे पाहून हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचे हेड यांमधले सील) गेल्याचे सांगण्यात आले आणि हेड उघडण्याचा साठ हजारांवरचा अंदाज हातात ठेवण्यात आला. बाहेर गळत नसेल तर कूलंट सिलिंडरमध्येच जळत असणार, एवढाच त्यामागचा तर्क होता. तो अगदीच चुकीचा म्हणता येणार नाही, परंतु तपासल्याशिवाय केलेला होता.

हिंगणा मार्गावरील मिस्त्रींनी गाडी पाहण्याआधी मला प्रश्न विचारले. पातळी सकाळी पाहता की संध्याकाळी, हीटर लावल्यावर गोडसर वास येतो का, एक्झॉस्टमधून पांढरा धूर निघतो का, ही त्यांची विचारपूस संपल्यावर ते म्हणाले, "साहेब, पाणी कमी होऊन राहिलं, पण टपकून नाही राहिलं, म्हणजे वरच्या वर सुकून राहिलं." पुढचे दोन दिवस या एका वाक्याचा पडताळा घेण्यात गेले. इंजिन चालू असताना झिरपणारा थेंब शंभर अंशांच्या आसपास तापलेल्या ब्लॉकवर पडतो आणि खाली पोहोचण्याआधीच त्याची वाफ होते. मागे फक्त गुलाबी-पांढरट पापुद्रा उरतो. शिवाय इंजिन थंड होताना प्लास्टिक आणि ॲल्युमिनियम सारख्या प्रमाणात आकसत नाहीत, त्यामुळे गरम असताना दबलेली फट थंडपणी उघडते. नागपुरात मे महिन्यात पारा 45 च्या पुढे गेलेला असताना जमिनीवर डाग मिळण्याची आशा तर आणखीच कमी.

हेड गॅस्केटची शंका त्यांनी सर्वांत आधी निकालात काढली. टाकीच्या तोंडावर निळ्या द्रावणाची नळी बसवून इंजिन चालवले जाते. ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये मिसळत असेल तर ते द्रावण पिवळे पडते. ते निळेच राहिले. साठ हजारांचा खर्च येथेच टळला, आणि माझ्या दृष्टीने या गॅरेजची खरी किंमत या दहा मिनिटांत आहे.

त्यानंतर कूलंटमध्ये चमकणारा रंग मिसळून गाडी दिवसभर चालवून आणायला सांगितली. रात्री इंजिन पूर्ण थंड झाल्यावर हातपंपाने यंत्रणेत 1 बार दाब भरला आणि गाडी तशीच ठेवली. सकाळी काट्याने दाब उतरल्याचे दाखवले. जांभळ्या प्रकाशाच्या दिव्याखाली गिअरबॉक्सच्या वरच्या अंगावर हिरवट रेघ उमटली होती, आणि नळीसारखा बारीक कॅमेरा आत सारून ती रेघ वर वर नेत पंपाच्या घराच्या सांध्यापर्यंत पोहोचवली. मला बोलावून हे सारे पडद्यावर दाखवले, आणि दाखवून झाल्यावरच पाना हातात घेतला.

दुरुस्तीत थ्रॉटल बॉडी, हवेचे पाइप, वायरिंगचे जोड आणि शेवटी मॅनिफोल्ड काढावे लागले. पंप एका लहान दातेरी पट्ट्यावर फिरतो आणि त्याच्या चाकाचा बोल्ट उलट्या आट्याचा असतो. माहिती नसलेला माणूस जोर लावून तो तोडून बसतो. पंप-थर्मोस्टॅटचा पूर्ण संच, पट्टा आणि मॅनिफोल्डची गॅस्केट नवी घातली. मॅनिफोल्ड निघालेच होते म्हणून व्हॉल्व्हवर साचलेला कार्बनही त्यांनी दाखवला, पण ते काम आत्ता न केले तरी चालेल असे स्वतःहून सांगितले. भरताना यंत्रणेतील हवा आधी ओढून घेतली आणि मगच डिस्टिल्ड पाण्यात मिसळलेले कूलंट आत सोडले, त्यामुळे हवेचा बुडबुडा अडकून इंजिन तापण्याची भीती राहिली नाही. गुलाबी कूलंटमध्ये बाजारात मिळणारे हिरवे मिसळू नका, अशी ताकीदही मिळाली.

बिल 23,800 रुपये झाले : संच 14,500, मजुरी 6,000, कूलंट 2,400 आणि उरलेले 900 पट्टा व गॅस्केटचे. प्रत्येक सुट्या भागाची पावती आणि काढलेला जुना पंप परत मिळाला. जुन्या घराला केसाएवढी चीर होती.

उणिवाही आहेत. तीन दिवसांचे काम सहा दिवसांवर गेले, आणि सुटा भाग उशिरा येणार असल्याचे मी फोन केल्यावरच समजले. बसण्याची सोय म्हणजे एक प्लास्टिकची खुर्ची. हवेच्या पाइपची एक क्लिप काढताना तुटली. ती त्यांनी विनामूल्य बदलली खरी, पण सांगितली मात्र मी विचारल्यानंतर. ज्याला गाडी दुसऱ्याच दिवशी हवी आहे, त्याने येथे नेऊ नये.

काम होऊन चार महिने झाले आहेत. मधल्या काळात समृद्धी महामार्गाने शिर्डीपर्यंतचा 520 किलोमीटरचा प्रवास उन्हात, एसी लावून केला आणि परतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनाची टाकी पाहिली. कूलंट मार्करने केलेल्या रेषेवरच होते. इंजिनावरच्या प्लास्टिकच्या आवरणाचे एक रबर मात्र परत बसलेले नाही, त्यामुळे खडखड ऐकू येते. ते मागवले आहे असे त्यांचे म्हणणे आहे, आणि मी पुढच्या शनिवारी पुन्हा जाणार आहे.